देशप्रेमाची किंमत कुणी मोजायची?

म्युनिकहून सुट्टीला पुण्यात आले की एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो काकांनी विचारला. कोथरूडला त्यांच्याकडे जेवायला गेले होते, पानावर बसल्या बसल्याच म्हणाले, "तिकडे राहून तुला आता देशाचं काही वाटेनासं झालंय का गं?" घरच्या ग्रुपवर त्यांनी टाकलेल्या एका मेसेजखाली मी 'काका, हे नका ना पुढे पाठवू' असं लिहिलं होतं, त्याचा हा राग. मेसेज एका अख्ख्या समाजाबद्दल होता. त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका, त्यांना सोसायटीत घर देऊ नका. खाली तिरंगा, आणि 'सच्चे देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा'.

काकांचा माझ्यावर जीव आहे, माझाही त्यांच्यावर. जेवताना वाद वाढवायचा नव्हता म्हणून तेव्हा गप्प बसले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

वाटतं हो काका. इथे असताना वाटायचं त्याहून जास्तच वाटतं. पंधरा ऑगस्टला आम्ही वकिलातीच्या झेंडावंदनाला जातो. जवळच कडेवर पोरं घेतलेली तमिळ, पंजाबी, बंगाली माणसं उभी असतात. 'जन गण मन' सुरू झालं की माझा गळा दाटून येतो आणि दुसऱ्या ओळीपासून आवाजच फुटत नाही. त्या वेळी मला कुणाचाही राग आलेला नसतो. देशावर माया करायला समोर कुणीतरी वाईट असावं लागत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं.

म्युनिकमध्ये माझ्या रोजच्या वाटेवर विद्यापीठ आहे. त्याच्या दारासमोर फरसबंदीवर काही कागद सांडल्यासारखे दिसतात. नवखा माणूस उचलायला वाकतो, तेव्हा लक्षात येतं की ते दगडांत कायमचे बसवलेले आहेत. १८ फेब्रुवारी १९४३ ला हान्स आणि सोफी शोल या बहीणभावाने याच विद्यापीठात हिटलरच्या विरोधातली पत्रकं वाटली. तिथल्या शिपायाने त्यांना पकडून दिलं. २२ फेब्रुवारीला खटला चालला आणि त्याच दिवशी दोघांचा शिरच्छेद झाला. सोफी २१ वर्षांची होती. त्यांच्यासोबत क्रिस्टोफ प्रोब्स्टलाही मारलं, त्याला तीन लहान मुलं होती. आरोप होता देशद्रोहाचा.

मला त्यांच्या गोष्टीतला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ही दोन्ही मुलं हिटलरच्या युवक संघटनेत हौसेने गेली होती. हान्स तर न्यूरेम्बर्गच्या मेळाव्यात झेंडा घेऊन चालला होता. वडिलांचा कडवा विरोध असतानाही पोरं गेली, कारण तिथे देशाची गाणी होती, डोंगरातल्या सहली होत्या, आपण कुणीतरी मोठे आहोत ही भावना होती. म्हणजे सुरुवात प्रेमानेच झाली होती. मग हळूहळू दिसू लागलं की या प्रेमाचं बिल दुसरंच कुणीतरी भरतंय: वर्गातून नाहीशी होणारी ज्यू मुलं, पोलंड-रशियातली गावं. हे दिसल्यावर त्यांनी ते बिल स्वतःच्या नावावर घेतलं. तेव्हापासून मी देशप्रेमाच्या कुठल्याही आरोळीकडे याच नजरेने बघते. आरोळी देणारा यासाठी स्वतःचं काय देतोय, आणि हिसकावून कुणाचं घेतोय?

हे समजायला जर्मनीलाच जावं लागतं असं मुळीच नाही. पुण्याच्या रस्त्यारस्त्यावर हे घडलेलं आहे. १८४८ मध्ये मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंनी याच शहरातल्या लोकांचे शेणगोळे अंगावर झेलले, आणि १८९७ मध्ये याच शहरातल्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्या प्लेगनेच गेल्या. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आलेले. त्यांनी आपल्याच समाजाला चार खडे बोल सुनावले, तर पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती यात्रा काढणारेही स्वतःला धर्माचे आणि देशाचे रक्षकच समजत होते.

आणि भांडारकर. आमचं घर त्या भागातलं, मी तेव्हा कॉलेजात होते. एका अमेरिकन अभ्यासकाच्या पुस्तकात शिवरायांच्या घराण्याविषयी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर आला होता. मलाही तो वाचून संताप आला, आजही येतो. पण पुढचा क्रम लोक विसरतात. महाराष्ट्रातल्या इतिहासकारांनी प्रकाशकाला सहीनिशी पत्र लिहून निषेध केला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये ते पुस्तक भारतातून मागे घेतलं गेलं. आयुष्यभर मोडी कागद वाचणाऱ्या माणसांनी लढाई जिंकली होती. तरीही ५ जानेवारी २००४ ला जमाव भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत घुसला. कारण काय, तर लेखकाने आभार मानताना संस्थेचं नाव घेतलं होतं! कपाटं पाडली, पोथ्या फाडल्या, पुस्तकं पायदळी तुडवली. १९१७ पासून उभी असलेली ही संस्था. १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं खपून इथल्या पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. महाराजांच्या नावाने घोषणा देत आपल्याच पूर्वजांचं हस्ताक्षर फाडलं गेलं.

त्या महाराजांबद्दल खाफीखान काय लिहितो ते वाचावं. तो मुघलांच्या बाजूचा इतिहासकार, महाराजांचा उल्लेख वाईट शब्दांत करणारा. त्यालासुद्धा नोंदवावं लागलं, की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता, आणि कुराणाची प्रत हाती आली तर ते ती आदराने आपल्या मुसलमान माणसाच्या हवाली करत. ज्याने स्वराज्यासाठी उभा जन्म घोड्यावर काढला त्याला आपलं प्रेम सिद्ध करायला दुसऱ्याचा ग्रंथ फाडावा लागला नाही.

परदेशात राहून एक गोष्ट मात्र अंगावर आल्यानेच कळली. भुयारी रेल्वेत एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे बघत बायकोला म्हणाले, "आता हा देश आपला राहिला नाही." मला समजावं अशाच आवाजात. मी तिथे कर भरते, त्यांची भाषा बोलते, पण त्या वाक्यात याला जागा नव्हती. पुण्यात उतरल्यावर रिक्षात, लग्नात, बागेतल्या बाकावर तेच वाक्य मराठीत ऐकू येतं, "पुणं आता आपलं राहिलं नाही." यातली हळहळ मला कळते. मुठेचं काय झालंय ते बघवत नाही. पण ज्यांना खरंच पोटतिडीक आहे ती माणसं वेताळ टेकडी वाचावी म्हणून रविवारची झोप मोडून उन्हात उभी राहतात, आणि त्याबद्दल 'विकासाच्या आड येणारे' हे ऐकून घेतात. बाकीचे बाहेरून आलेल्या वॉचमनला शिव्या देतात. त्याने नदीत एक बादलीही घाण ओतलेली नसते.

"म्हणजे शत्रूला शत्रू म्हणायचंच नाही का?" हे काकांनी त्या दिवशी बडीशेप खाता खाता विचारलं होतं. म्हणायचं की! २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यांत दोघं आपल्या पुण्याची. मारणाऱ्यांना आणि त्यांना पोसणाऱ्यांना शासन झालंच पाहिजे, यात माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण त्याच हल्ल्यात नौदलातल्या एका तरुण अधिकाऱ्याची नवीनवेली बायको विधवा झाली. नऊच दिवसांनी ती सगळ्यांसमोर म्हणाली की आम्हाला न्याय हवा आहे, पण मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे कुणी लागू नका. त्यावर तिला इंटरनेटवर जी गलिच्छ शिवीगाळ झाली ती देशभक्तीच्या नावानेच झाली. देशासाठी तिने जे गमावलं होतं, त्याच्या जवळपासचंही काही शिव्या देणाऱ्यांनी गमावलं नव्हतं.

त्या आठवड्यात म्युनिकच्या आमच्या ग्रुपवरही तिच्याबद्दल नको ते लिहिलं गेलं. युद्ध झालंच पाहिजे, आता थांबायचं नाही, असे मेसेज रात्रभर येत होते. लिहिणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा सीमेवर नव्हता, कुणाच्या घरावर ड्रोन येणार नव्हता, सकाळी सगळे वेळेवर कामाला जाणार होते. मीही त्यांच्यातलीच एक, सुरक्षित. म्हणूनच मला वाटतं, युद्ध मागण्याआधी आम्ही परदेशातल्यांनी दहादा विचार करायला हवा. मी तसं ग्रुपवर लिहिलं. दोघांनी फोन करून समजूत घालायचा प्रयत्न केला, एकाने बोलणंच सोडलं. एका मुलीने मात्र वेगळा मेसेज करून 'बरं झालं ताई, मला धीर होत नव्हता' असं कळवलं. पुढच्या वेळी ती आणि मी मिळून लिहू.