अर्ध्या बोटीचं तारण

नौका सर्व्हेअर म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीच्या पोटाखाली, हातात छोटी हातोडी घेऊन उताणं पडण्यात जातो. विम्याचे दावे, बँकांसाठी मूल्यांकन, पाणी शिरलेली इंजिनं. त्यातलं फारसं सांगण्यासारखं नसतं. एप्रिलमधली एक तपासणी मात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

विजयदुर्गच्या खाडीकाठी एका मिस्त्रींनी फायबर बोटी बांधायची शेड उभारली आहे. घराणं लाकडी होड्या बांधणाऱ्यांचं. साग महागला, जाणते सुतार उरले नाहीत, तेव्हा हे गोव्यात एका यार्डमध्ये राहून फायबरचं काम शिकले. मच्छीमार सोसायटीतल्या चार नाखवांनी त्यांना पन्नास फुटी बोटींची ऑर्डर दिली. एरवी हेच नाखवे बोटीसाठी गुजरातेत वेरावळला नाहीतर कर्नाटकात मालप्याला जातात आणि इथला पैसा तिकडे देऊन येतात. या वेळी त्यांनी आपल्या खिशातली पहिली रक्कम गावातच ठेवली. बर्फ कारखानदाराने बोटी वर ओढायचा विंच घेऊन दिला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत सगळ्या बोटी वर काढाव्या लागतात. त्या इथेच ओढल्या, इथेच दुरुस्त झाल्या, तर ऑगस्टमध्ये बर्फही इथलाच भरतील, हा त्याचा हिशेब. मला तो हिशेब आवडला. धंदा असाच उभा राहतो.

बाकीच्या रकमेसाठी पतसंस्थेत अर्ज गेला. संस्था सधन आहे. आंब्याचा पैसा आहे, मुंबईच्या चाकरमान्यांच्या ठेवी आहेत. पण ठेवी जमतात तेवढी कर्जं इथे उठत नाहीत, हे कोकणातलं जुनं दुखणं. संचालक मंडळाने प्रत्यक्ष पाहणी ठरवली आणि मला बोलावलं.

अर्धवट बांधलेल्या बोटीवर कर्ज देणं अवघड का असतं, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. बोटीची नोंदणी होते ती बांधून पूर्ण झाल्यावर, बांधणाऱ्याचा दाखला जोडून. बोजा चढवायचा तो त्या नोंदणीवर. म्हणजे पैसा लागतो तेव्हा कागदोपत्री बोटच नसते, आणि बोट कागदावर येते तेव्हा पैसा खर्च होऊन गेलेला असतो. घर बांधताना जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, हे प्रत्येक संचालकाला तोंडपाठ आहे, कारण खाली जमीन असते. बोटीखाली असते भाड्याची शेड.

पाहणीच्या दिवशी हल, म्हणजे बोटीचं कवच, साच्यातून काढून आधाराच्या पाळण्यावर उभा होता. चेअरमन आंबा बागायतदार. ऐन हंगामात, पेट्या भरायच्या सोडून आले होते, हे त्यांचं मोठेपण. सोबत निवृत्त गुरुजी आणि आणखी दोघं. बोटीला फेरी मारून चेअरमननी पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"मिस्त्री, ही अशीच रवली तर इकत कोण घेतलो?"

मिस्त्रींनी हातातला रोलर खाली ठेवला. "कोणच घेवचो नाय. म्हणान ती अर्धी रवता नये."

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. उत्तर खरं होतं, पण तारण म्हणून लिहिता येण्यासारखं नव्हतं.

मग मी माझं काम सुरू केलं. हातोडीने तळ वाजवत गेलो. फायबर म्हणजे रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून घट्ट केलेले काचेच्या तंतूंचे थर. फायबरचे थर एकमेकांना नीट धरलेले असले की आवाज खणखणीत येतो. मध्ये हवा राहिली असेल किंवा थर सुटले असतील तर तो बसका येतो. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत कुठेही बसका आवाज आला नाही. बारकॉल यंत्राने कठीणपणा पाहिला, रेझिन नीट पिकलं होतं. कोकणात हे सोपं नाही. दमट हवेत थर चिकट राहतो आणि भर उन्हात रेझिन रोलर फिरायच्या आधीच आळतं. मिस्त्री पहाटे थर घालतात, उन्हं तापली की थांबतात आणि हवेप्रमाणे हार्डनर कमी-जास्त करतात. प्रत्येक थराची तारीख, वेळ, हवामान, रेझिनच्या पिंपाचा बॅच नंबर, सगळं एका वहीत पेन्सिलीने लिहिलेलं. मोठ्या यार्डांतही इतकी नीट नोंद मला क्वचितच दिसते.

पण वही कुणीही लिहू शकतो, असं एक संचालक म्हणाले. रास्त शंका होती. मी मिस्त्रींकडे चकत्या मागितल्या.

शाफ्टसाठी, इंजिनाला थंड पाणी घेण्यासाठी हलला भोकं पाडावी लागतात. त्यातून निघालेल्या गोल चकत्या बहुतेक ठिकाणी कचऱ्यात जातात. जाणता बांधणारा त्या जपून ठेवतो, कारण बोटीच्या पोटात काय आहे ते फक्त त्याच सांगतात. मिस्त्रींनी त्या तारेत ओवून, जागा लिहून टांगल्या होत्या. तळाची एक चकती मी शेडबाहेर, ॲसिटोनच्या डब्यांपासून लांब, पत्र्यावर ठेवली आणि तिच्यावर ब्लोटॉर्च धरला. सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला उभं केलं, कारण धूर काळा आणि विषारी असतो. रेझिन जळून जातं, काच राहते. गार झाल्यावर चिमट्याने एकेक थर उचलायचा. मॅट, म्हणजे सुट्या तंतूंचा थर, विखुरतो; रोव्हिंगची, म्हणजे विणलेल्या थराची, वीण मात्र तशीच राहते.

नकाशात तळाला अकरा थर होते. गुरुजी मोठ्याने मोजत होते. अकरा भरले. वहीतला क्रमही जुळला. कुठला थर मॅटचा, कुठला रोव्हिंगचा, तंतोतंत. चेअरमन उकिडवे बसून काचेची ती जाळी बोटांवर घेऊन बघत राहिले. प्रयोगशाळेत भट्टीत घालून, वजन करून रेझिनचं प्रमाणही काढता येतं आणि तसा नमुना मी पाठवलाच. पण डोळ्यांसमोर मोजलेल्या थरांनी जे झालं ते रिपोर्टने झालं नसतं.

परतताना गुरुजींनी गिर्ये इथल्या आंग्र्यांच्या काळातल्या गोदीचा विषय काढला. खडकात कोरलेली ती गोदी इथून जवळच आहे. आपल्याकडे आरमाराचा अभिमान उदंड आहे आणि तो मलाही आहे. पण त्या गोदीत जहाजं ओढणारी, लाकूड तासणारी माणसं पगारावर होती, कुणीतरी त्यांच्यावर पैसा लावला होता, हे आपण विसरतो.

मंडळाचा निर्णय नंतर आला. पहिला हप्ता मंजूर, मात्र मिस्त्रींच्या भावाच्या कलमांच्या बागेचा सातबारा तारण म्हणून. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या मोठ्या शिपयार्डचं दिवाळं निघालेलं संचालकांनी पाहिलंय, त्यांची भीती मला समजते. पण मालप्याचं बंद पडलेलं यार्ड २०२० मध्ये कोचीन शिपयार्डने घेतलं आणि पुढे त्याला नॉर्वेच्या मालवाहू जहाजांची ऑर्डर मिळाली, हेही त्याच किनाऱ्यावर घडलंय. जागा, यंत्रं आणि हात शाबूत असले की बुडालेलं यार्डही उठतं.

मला खुपतं ते वेगळंच. अकरा थर मोजून झाले, वही जुळली आणि शेवटी तारण ठरली बाग. उद्या ज्याच्या घरात कलमं नाहीत अशा पोराने बोट बांधायची म्हटली तर त्याने काय करायचं? मिस्त्रींच्या हाताखालचे दोघे त्याच विचाराने आखातात जायच्या तयारीत आहेत.

दिल्लीतून पैसा येतोय, तो मोठ्या जहाजांसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर झालं. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला, पण त्यासाठी देशात बांधलेलं जहाजही किमान १,५०० ग्रॉस टनाचं हवं. आमची पन्नास फुटी बोट शंभराच्याही खाली राहते. मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातल्या बोटीसाठी १२० लाखांच्या खर्चावर ४० टक्के अनुदान ठेवलं, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पण ते बोट घेणाऱ्यासाठी. बांधणाऱ्याच्या शेडला, साच्याला, बोटी ओढायच्या उताराला (स्लिपवेला) गावच्याच पैशाचा आधार.

म्हणून मी मंडळासाठी एक कागद तयार केलाय. घरासारखेच टप्पे : हल, आडव्या भिंती आणि डेक, इंजिन, पाण्यात उतरवणं. प्रत्येक टप्प्याला सर्व्हेअरची तपासणी, चकत्या संस्थेच्या ताब्यात, वहीची सही केलेली प्रत. बांधकाम चालू असतानाचा विमा, त्यात संस्थेचं नाव. आणि सोसायटीचा लेखी करार : मिस्त्री थांबले तर हल आणि साचा सोसायटी ताब्यात घेऊन बोट पूर्ण करून घेईल. "इकत कोण घेतलो" याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. तीन नाखवे सहीला तयार आहेत. चौथा म्हणतो, आधी बोट पाण्यात जाऊ दे.

पावसाआधी डेक बसायला हवा आणि दुसरा हप्ता अजून अडलेला आहे. पुढच्या बैठकीत मी हा कागद ठेवणार आहे, आणि बागेवरचा बोजा पहिल्या बोटीच्या नोंदणीनंतर उतरवा, अशी मागणीही.