गीता घ्यायला थांबलेली माणसं

निवृत्त होईपर्यंत मी सरकारी खिडकीच्या आत बसले. लोक रांगेत उभे राहायचे, कागद आत सरकवायचे आणि मी "उद्या या" म्हणायचे. भर मंडईत टेबल मांडून अनोळखी माणसाला आपण होऊन हाक मारायची, हे माझ्या अंगात कुठून असणार? पण इस्कॉनच्या मंदिरात कीर्तनाला जायला लागले होते. तिथे डिसेंबरात गीतावितरणाची 'मॅरेथॉन' असते. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी ही गीता जयंती, ती बहुधा याच महिन्यात येते, त्यामुळे सगळे पुस्तकं घेऊन रस्त्यावर उतरतात. "माताजी, या वर्षी टेबलावर तुम्ही हव्यात," असं माझ्या मुलाच्या वयाचे एक प्रभुजी, म्हणजे तिथले एक भक्त, म्हणाले. 'माताजी' कोणाला म्हणतायत म्हणून मी आधी मागे वळून पाहिलं. मग अडकलेच.

तयारी फारशी नसते. जागेची परवानगी, टेबल, त्यावर भगवं कापड, मराठी-हिंदी-इंग्रजी प्रती वेगवेगळ्या थप्प्यांत, क्यूआर कोडचा पुठ्ठा आणि सुटे पैसे. सोसायटीत लावायचं तर चेअरमनांना आधी गाठावं लागतं, आणि ते नेहमी गावाला गेलेले असतात. शिकवण एकच मिळाली: खुर्चीवर बसायचं नाही, आणि पुस्तक आधी हातात द्यायचं, बोलायचं नंतर. हातात आलेलं पुस्तक माणूस लगेच परत देत नाही. चाळतो. बहुतेकांचं बोट रंगीत चित्रांच्या पानावर थांबतं, आणि तिथेच आपल्याला दोन वाक्यं बोलायला फट मिळते.

नकार मात्र ऐकण्यासारखे असतात. "घरी आहे" हा सगळ्यांत मोठा. असतेच, देवघरात लाल फडक्यात बांधलेली, आजोबांच्या वेळेपासून न सोडलेली. "रिटायर झाल्यावर वाचू" हा दुसरा. एका बाईंनी तर पुस्तक चटका बसल्यासारखं खाली ठेवलं. म्हणाल्या, "आमच्यात कुणी गेलं की दहाव्यापर्यंत वाचतात हो, उगाच कशाला आत्ता?" महाभारत घरात ठेवलं की भांडणं होतात, हेही ऐकलं. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे तरी कुठे कमी होतात, असं अगदी ओठावर आलं होतं.

पहिले काही दिवस मी घरी यायचे ती पाय आणि मान दोन्ही दुखवून. लोकांच्या तोंडाकडे बघून बघून मान, दुसरं काय. शिवाय संध्याकाळी कुणाच्या किती प्रती गेल्या याची बेरीज व्हायची. हा भाग मला आजही आवडत नाही. आकड्याने तरुण पोरांना जोर येतो हे खरं, पण आकडा डोक्यात बसला की समोरच्याचा चेहरा दिसेनासा होतो.

सुटका गीतेनेच केली. वितरण करणारे सगळे अठराव्या अध्यायातले ६८ आणि ६९ हे श्लोक सांगतात: हे गुह्य ज्ञान जो माझ्या भक्तांना सांगेल, त्याच्याइतका मला प्रिय कोणी नाही. मी एका रात्री त्याच्या आधीचा श्लोक वाचला. 'न चाशुश्रूषवे वाच्यं'. ज्याला ऐकायची इच्छा नाही, त्याला हे सांगू नये. आधी ही अट घालून मगच देव पुढचं बोलतो! दुसऱ्या दिवसापासून "नको" म्हणणाऱ्याला मी मनापासून "बरं, हरे कृष्ण" म्हणू लागले. मान दुखायची थांबली. गंमत म्हणजे, मी मागे लागत नाही हे बघून काही जण स्वतःच परत यायचे.

पायांचं दुखणं राहिलंच होतं. त्याची तक्रार केली तेव्हा प्रभुजींनी इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद यांची आठवण काढली. १९६५ साली, वयाच्या ६९व्या वर्षी, ते कलकत्त्याहून 'जलदूत' या मालवाहू जहाजाने अमेरिकेला निघाले. प्रवासाची सोय मुंबईच्या सिंधिया जहाज कंपनीच्या सुमती मोरारजींनी केलेली. सामानात मुख्य ऐवज म्हणजे स्वतः भाषांतर करून छापलेल्या भागवताचे संच. तिथे ना ओळख ना पैसा. तीच पुस्तकं विकून सुरुवातीचे दिवस काढले. मी तर घरून डबा घेऊन, रिक्षाने आलेली. गप्प बसले.

फुकट द्यावी की पैसे घ्यावेत, यावर घरात पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर थोडे का होईना, घ्यावेत. फुकट दिलेली पुस्तिका मी समोरच्या बाकावर पडलेली पाहिली आहे. पैसे मोजून घेतलेली गीता माणूस पिशवीत भाजीच्या खाली नाही, वर ठेवतो.

मंडईच्या तोंडाशी एक फुलवाल्या मावशी बसायच्या. तुळशीच्या जुड्या, झेंडू, गुरुवारच्या पूजेसाठी पाच झाडांच्या डहाळ्या. एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाई. काय लिवलंय त्यात, एवढं तरी सांगा." मी नववा अध्याय उघडला. 'पत्रं पुष्पं फलं तोयं'. पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी खातो, असं देव म्हणतो. मावशींनी ओल्या गोणपाटाखालच्या टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आमचा समदाच माल आला की ह्यात!" मग दोन वेळा पुन्हा वाचायला लावलं. कनवटीच्या नोटा मोजल्या, हात पदराला पुसले आणि नातीसाठी प्रत घेतली. मला जो आनंद झाला, तो मी कीर्तनात रंगले तरी होत नाही. मी काही पटवलं नव्हतं. ओळ तिची होती, तिच्यापर्यंत नुसती पोचवली.

माझं माहेर माळकऱ्यांचं. गीता म्हणजे आमच्याकडे ज्ञानेश्वरीच. त्यामुळे "माउलींची आहे का?" असं विचारणाऱ्या बाबांपुढे मी उगाच आमचीच कशी खरी असं करत नाही. ते 'ॐ नमो जी आद्या' सुरू करतात, मीही सूर धरते. विक्री शून्य. वेळ छान जातो.

आणि कालचे पाहुणे. शेतकरी माणूस, बाजारला आलेला, गेल्या वर्षी माझ्याच टेबलावरून प्रत नेलेली. आल्या आल्या म्हणाले, "ताई, ही तर आमच्याच भाऊबंदकीची गोष्ट निघाली. जमिनीवरनंच ना सगळं?" अर्जुनाने आधी धनुष्य टाकलं तेच बरोबर होतं, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास वाद घातला, बघे जमले. शेवटी आणखी एक प्रत मागितली.

"कुणासाठी?"

"धाकट्या भावासाठी. बांधावरनं केस चालूये. जानेवारीत तारीख आहे, त्याच्याआधी निदान दुसरा अध्याय तरी होऊ द्या त्याचा."