आप्पांचा रिपोर्ट आला

पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर. मिरजेच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं: सीएमएल. रक्ताचाच कॅन्सर, पण सावकाश वाढणारा. रोज इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं ग्लिव्हेकच्या, म्हणजे याच औषधाच्या मूळ ब्रँडच्या, पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून जेनेरिक तरी आवाक्यात आहे. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल, म्हणजे या कॅन्सरमागचं बिघडलेलं जनुक, रक्तात किती उरलंय ते तपासायचं.

आप्पांचा एकच प्रश्न, "तंबाखू सोडावी लागंल का?" डॉक्टरांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

घरात कुणी ही गोळी घेत असेल तर सांगा. पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते म्हणे, तुम्ही काय करता? मुंबईला टाटात एकदा दाखवून यावं का? आणि पपईच्या पानांचा रस कृपया सुचवू नका, सकाळपासून चौघांनी सांगून झालाय.