पुट्टीखालचं वर्तमानपत्र

चतुर्थी तोंडावर आली की म्हापशात आमच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत पेडण्यातल्या केरीहून एक निवृत्त गुरुजी आपली जुनी पांढरी मारुती ८०० घेऊन आले. "दाराखाली रंगाला फोड आलेत रे, तेवढा टच-अप मार."

फोड दिसला की मी आधी चुंबक लावतो. खाली पत्रा असेल तर चिकटतो, जाड पुट्टी असेल तर घसरतो. इथे रनिंग बोर्डावर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीवर, वीतभर तो कुठेच धरेना. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत! टोकाला अडकून आला ओल्या वर्तमानपत्राचा बोळा. कुणा कारागिराने भोकात कागद कोंबून वर पुट्टी फासली होती आणि खालून काळं कोटिंग मारलं होतं.

"अरे, पैसे मोजून अँटी-रस्ट करून घेतलंय मी!" गुरुजी चिडले. केलं होतं खरं, पण गंजावरच. शिवाय निचऱ्याची भोकंही त्या कोटिंगने बुजली होती. पाण्याला आत शिरायला वाट, बाहेर पडायला नाही. त्यात समुद्राकाठची हवा. सांध्यात बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा आतून दमटच राहतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि रंग फुगवतो. बाहेर फोड दिसेस्तोवर आतला पत्रा खाऊन झालेला असतो.

"चतुर्थीपुरती पुट्टीच भर ना." मी साफ नाही म्हटलं. वेगळी चासी नसलेल्या गाडीत रनिंग बोर्ड भार पेलतो, शोभेला नसतो.

बॅटरीची वायर सोडली, सीट आणि कार्पेट बाहेर काढलं. फ्लोअर शाबूत होता, नशीब. चांगला पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरने कापत गेलो. आत लाल चिखल थापलेला, तो खरवडून गोड्या पाण्याने धुतला, गरम हवेने सुकवला. आतल्या बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजाला कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, लावलं. तांबूस डाग बघता बघता काळे पडतात, ते पाहायला मला अजून आवडतं. नवी पट्टी ठिपक्या-ठिपक्याने वेल्ड केली. सलग ओढली तर पातळ पत्रा तापून वाकतो. श्रावण-भाद्रपदात उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर तांबूस झाक येते, म्हणून हॅलोजनचा दिवा लावून त्याच संध्याकाळी एपॉक्सी प्रायमर मारला. मग सांध्यांना सीलर, रंग, आणि शेवटी लांब नळीने पोकळीत मेण. निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून, अर्थात.

गाडी नेताना सांगितलं, "गुरुजी, दारांखालची भोकं अधूनमधून काडीने साफ करा, गाडी खालूनही धुवा. आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर काढा, आत घाम धरतो."

"कव्हर मुलाने पुण्याहून पाठवलंय. काढलं तर रागावेल."

म्हटलं, "नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी."