सुटे पैसे

मध्यंतरी एका शनिवारी दुपारी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजी घेताना मी भाजीवाल्याकडे शंभराच्या नोटेचे सुटे मागितले, तेव्हा अजूनही पोस्टकार्डावर खुशाली कळवणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये एक काठी रोवलेली होती, काठीला काळ्या ठिपक्यांचा चौकोनी कागद बांधलेला होता आणि शेजारच्या डबीतली बाई कोणाचे किती रुपये जमा झाले हे साऱ्या गल्लीला ऐकवत होती. "सुटे कशाला लागतात तुम्हाला?" असे त्याने विचारले. "उद्या रविवार आहे," एवढेच मी म्हणालो आणि त्या उत्तराने त्याचे मुळीच समाधान झाले नाही.

ख्रिस्ती घरातल्या वाचकांना मात्र ते पुरेसे आहे. शनिवारी संध्याकाळी कपड्यांना इस्त्री होते, पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक टेबलावर काढून ठेवले जाते आणि अर्पणाची नोट वेगळी काढली जाते. वडील वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात होते. पगार झाला की आई त्यातल्या कोऱ्या करकरीत नोटा निवडून आधीच बाजूला करी, कारण देवापुढे मळकी नोट न्यायची नाही असा तिचा दंडक होता. मला स्वतःला नोटेच्या कोरेपणाचे फारसे काही वाटत नाही. माझा हट्ट घडीचा आहे. नोट चौपदरी घडी करून, आकडा आत जाईल अशी, मुठीत धरायची आणि मूठ थैलीत पूर्ण आत गेल्यावरच सोडायची. माझी मुलगी याला बाबांची अंधश्रद्धा म्हणते. तिच्याशी वाद घालण्याइतका भक्कम मुद्दा माझ्यापाशी नाही, पण घडी मी सोडलेली नाही.

आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, अर्पणाची थैली तपकिरी मखमलीची आहे. तिच्या तोंडाला लाकडी कडे आहे आणि कड्याला धरायला दांडी आहे. अर्पणाचे गीत सुरू झाले की दोन वडीलजन, म्हणजे मंडळीतली ज्येष्ठ माणसे, ती घेऊन बाकाबाकांवरून फिरतात. काही मंडळ्यांत थैलीऐवजी ताट फिरवतात, पण ताटात सगळे उघडे पडते, पन्नासाच्या नोटेशेजारी पाचाचे नाणे संकोचते आणि शंभराची नोट थोडी ऐसपैस बसते, म्हणून मला थैलीच बरी वाटते. तिच्यातून श्रीमंताचा हात आणि गरिबाचा हात सारखाच रिकामा बाहेर येतो.

आता प्रत्येक बाकाच्या टोकाला प्लास्टिकच्या वेष्टनातले, ठिपक्यांच्या चौकोनाचे एक कार्ड लावलेले आहे. टाळेबंदीत मंदिराचे दार बंद होते आणि उपासना फोनवर होत होती, तेव्हा हा चौकोन पहिल्यांदा पडद्यावर आला. दार उघडल्यावर तो बाकांवर चिकटला. हा क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार झाला आणि तो अशा रीतीने घडवता येतो की ३० टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता यावा. आमच्या बाकावरच्या कार्डाचा एक कोपरा शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांनी कुरतडून टाकला आहे, तरी ते बिनतक्रार चालते. खजिनदार खूश आहेत, कारण उपासनेनंतर मागच्या खोलीत बसून चिल्लरीचे मनोरे रचण्याचे त्यांचे काम जवळजवळ संपले. यूपीआय २०१६ साली आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्या दिवसांत थैलीत जुन्या पाचशेच्या नोटा एकाएकी वाढल्या होत्या, असे खजिनदार अजून हसत सांगतात. भक्ती इतक्या वेगाने वाढलेली त्यांनी आधी किंवा नंतर कधी पाहिलेली नाही.

अडचण आहे ती रिकाम्या हाताची. माझी मुलगी महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या पगाराचा दशांश फोनवरून पाठवते, तोही चोख हिशेबाने, माझ्यासारखा अंदाजपंचे नाही. मग रविवारी थैली तिच्यापुढे येते तेव्हा ती थैलीकडे पाहून मंद हसते आणि पुढे सरकवते. तिच्या पलीकडे बसणाऱ्या मावशींना हे हसू अजून पचलेले नाही. पोरगी एवढ्या मोठ्या पगाराची आणि देवाला एक रुपया देत नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मी वाचला आहे. आणि मुलीने मंगळवारीच पैसे पाठवले हे त्यांना समजावून सांगणे म्हणजे जे झाकून ठेवायचे तेच उघड करणे आहे. काही जण यातून शांतपणे वाट काढतात. ते रिकामी मूठ थैलीत घालतात आणि उघडून बाहेर काढतात. मला यात ढोंग दिसत नाही. गीताच्या तालात सगळे हात एकापाठोपाठ आत जात असताना आपला हात मांडीवर ठेवून बसणे जड जाते, इतकेच.

उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू नये आणि दान देताना कर्णा वाजवू नये, हे येशूचे सांगणे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या भाजीवाल्याची डबी पाहिल्यापासून मला हा कर्णा वारंवार आठवतो. यरुशलेमेच्या मंदिरात दानाच्या १३ पेट्या होत्या आणि त्यांची तोंडे कर्ण्याच्या आकाराची होती, असे यहुदी परंपरेच्या मिश्ना या जुन्या संग्रहात नोंदलेले आहे. वर निमुळते आणि खाली रुंद, म्हणजे टाकलेले परत काढता येऊ नये. अशा तोंडातून नाणी घरंगळत गेली तर आवाज होणारच आणि मूठभर नाणी टाकणाऱ्याचा आवाज दूरवर जाणारच. मग शुभवर्तमानातल्या त्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचा, आवाज तो केवढा झाला असेल? गंमत अशी, की दान गुप्त ठेवा म्हणणारा प्रभू स्वतः मात्र भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता, आणि सर्वांत जास्त कोणी टाकले हेही त्याने सांगितले. कोणीच पाहू नये असे त्याचे म्हणणे नसावे. कोणी पाहावे हा प्रश्न असावा. पाळकसाहेबांना एकदा हे विचारायचे आहे.

आमच्या गुप्ततेचेही फार कौतुक करण्यात अर्थ नाही. मंडळीच्या वार्षिक अहवालाच्या शेवटी वर्गणीदारांची नावे आणि रकमा छापण्याची पद्धत जुनीच आहे, आणि अहवाल हातात पडला की पाळकांचे निवेदन सोडून सगळे आधी तेच पान उघडतात. हंगामाच्या सणाच्या लिलावात तर कर्णाच कर्णा असतो. नगरकडून आलेल्या आमच्या मंडळीने तो लिलाव ठाण्यातही टिकवला. इथे कोणाकडे शेत नाही, तरी लोक बाजारातून डांगर, नारळ, पेरू आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात बोली लागते. माझ्या लहानपणी एका डांगरावर वागळे इस्टेटवाल्या दोन साहेबांची अशी चढाओढ लागली, की ते डांगर जिंकणाऱ्याने पुन्हा अर्पण केले, पुन्हा विकले गेले आणि पुन्हा परत आले. शेवटी ते कोणी नेले हे आठवत नाही, पण त्याची भाजी साऱ्या चाळीत वाटली गेली. यंदा लिलावाच्या टेबलावर खजिनदारांनी बोलकी डबी ठेवली होती. एका लिंबाचे पाचशे एक रुपये जमा झाल्याचे त्या बाईने अगदी निर्विकार आवाजात जाहीर केले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा गुप्तता फोनने घालवली, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांच्या पंथाच्या १२२३ सालच्या नियमात कोणत्याही रूपात पैसा स्वीकारू नये असे स्पष्ट बजावलेले आहे. नाण्याला हात न लावण्याचे त्यांचे व्रत आम्ही सातशे वर्षांनंतर फोनच्या कृपेने अनायासे पाळू लागलो आहोत. फरक एवढाच, की त्यांच्या खात्यात काही नव्हते.

मला मात्र नाण्याचा स्पर्श आठवतो. शब्बाथशाळेत जाताना वडील मला आणि धाकट्या भावाला दहा-दहा पैसे देत, तेही मंदिराच्या फाटकापाशी पोहोचल्यावर, कारण वाटेत लिमलेटच्या गोळ्यांचे दुकान होते आणि वडिलांचा आमच्या श्रद्धेवरचा विश्वास मर्यादित होता. ते दहा पैसे अॅल्युमिनियमचे, नागमोडी कडांचे. मुठीत घट्ट धरल्यावर त्या कडांची नक्षी तळव्यावर उमटे आणि गीत संपेपर्यंत टिके. नाणे इतके हलके असे, की थैलीत पडल्याचा आवाजही होत नसे. एका रविवारी भावाचा हात थैलीत गेला तो बाहेरच येईना. आत त्याने मूठ उघडायला नकार दिला होता. थैली धरणारे वडीलजन स्वभावाने अत्यंत शांत होते; ते काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. गीताचे एक कडवे संपले, दुसरे सुरू झाले, मागच्या बाकांवर कुजबुज झाली, आईने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि अखेर भावाने रडत रडत मूठ सोडली. तो आता खारघरला राहतो आणि बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पैसे पाठवताना "खात्री आहे का?" असे विचारणारी पाटी पडद्यावर आली, की मला त्याचीच आठवण होते.

आई आता आमच्याकडे घोडबंदर रोडला असते. गुडघ्यांमुळे तिला मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी ती नीट साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन दिवाणखान्यात टॅबसमोर बसते आणि पडद्यावरच्या मंडळीबरोबर उभी राहते, बसते, गाते. अर्पणाच्या गीताला तिच्यापुढे थैली येत नाही. पूर्वी घरखर्चातून वाचवलेले तिचे स्वतःचे पैसे हळदीच्या डब्यामागे असत. त्यातले किती ती थैलीत टाकते हे वडिलांना कधी कळले नाही. खजिनदारांना बहुधा कळत असावे, कारण तिच्या नोटेला पिवळी कड असे. आता तिची पेन्शन बँकेत जमा होते आणि बँक माझ्या फोनमध्ये आहे. पहिल्यांदा तिने "माझेही पाठव" म्हटले तेव्हा मी सहज विचारले, "किती?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग स्वयंपाकघरात कोणी नाही ना हे पाहून तिने माझ्या कानाजवळ आकडा सांगितला. तिच्या पेन्शनच्या मानाने तो किती मोठा आहे हे मला तेव्हा प्रथमच कळले. पावती माझ्या नावाने आली. पुढच्या महिन्यात तिने विचारले, "तुला न कळता पाठवायची काही सोय नाही का रे त्यात?"

भावाला विचारले. तो म्हणाला, तशी सोय नाही. आकडा मी इथे लिहिणार नाही.