दर्पणकारांसाठी चार ओळींचा दगड

'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचा फलक आमच्या वाचनालयाच्या दारात लावायचा, एवढंच ठरलं होतं. पोंभुर्ल्याला, त्यांच्या जन्मगावी, स्मारक आहेच. पण मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं "जांभेकर कोण?" विचारतात, आणि देवगड तालुक्यात बसून हे ऐकवत नाही. मला वाटलं पंधरा दिवसांचं काम. लागले अकरा महिने.

त्यातले पाच जागेत गेले. तिठ्यावर लावू म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला, मासिक सभेत ठरावही झाला. मग मागून एक आवाज आला, "तिठो आपलो, पण रस्तो सरकारचो." ना हरकत दाखल्यासाठी तीन खेपा झाल्यावर फलक वाचनालयाच्याच चिऱ्याच्या गडग्यात बसवायचं ठरलं. हे आधी सुचलं नाही, याला काय म्हणावं!

खरी झटापट मजकुराची. समितीच्या पहिल्या मसुद्यात 'यांच्या शुभहस्ते'ची नावं सात ओळी आणि जांभेकर दोन. त्या दोनांतही 'थोर', 'महान', 'आद्य' आणि 'जन्म ६ जानेवारी'. जन्मतारीख कुणी ६ जानेवारी देतं, कुणी २० फेब्रुवारी. 'दर्पण'चा पहिला अंक मात्र ६ जानेवारी १८३२चा, याबद्दल वाद नाही. पत्रकार दिन त्याचाच. म्हणून जन्माचं फक्त साल ठेवलं, १८१२. विशेषणं काढली तेव्हा दोघे रुसले.

मग मी हट्ट धरला की 'दर्पण' मराठी-इंग्रजी होतं, हे दगडावर यायलाच हवं. "मराठीतलं पहिलं म्हणताना इंग्रजी कशाला मध्ये आणता?" असा प्रश्न आला. आणायचं, कारण तेच तर त्याचं वैशिष्ट्य! एका पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ: मराठी वाचणाऱ्याला नवी विद्या कळावी आणि इथल्या माणसाचं म्हणणं साहेबालाही वाचता यावं. आधी पाक्षिक, ४ मे १८३२पासून साप्ताहिक, आणि १८४०पर्यंत हा व्याप चालला. सुरू केलं तेव्हा संपादक विशीतला. वाद घालता घालता सुचलं, आपला दगडही दोन स्तंभांचाच का नको?

दगडवाला अक्षरावर पैसे घेतो (काना-मात्रा फुकट, हे मी विचारून घेतलं). दोन भाषा म्हटल्यावर खर्च दुप्पट, मग मजकूर निम्मा केला. शुभहस्ते आपोआप गळाले. १८४५मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून घेणाऱ्या माणसाला दगडावर चारच ओळी मिळाल्या. १८४६ हे शेवटचं साल, म्हणजे पस्तिशीसुद्धा नाही. तेवढं वाचून दगडवाला म्हणाला, "इतक्यात इतकां केल्यान?"

कोरण्याआधी कागदी नमुना मागितला म्हणून वाचलो. त्यात 'जाभेंकर' होतं. अनुस्वार जागेवर आणून सही केली. तरी १८३२मधला ३ थोडा खाली घसरलाच. तो तसाच ठेवलाय.