ती दोघं एकत्र आली

उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्राची, समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या कॉलेजांमधून रेड रिबन क्लबची (कॉलेजात एड्सबद्दल जागृती करणारा क्लब) बोलावणी येतात. अशाच एका ठिकाणी सत्राआधी एक सर बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एड्सवर बोला, पण कंडोमचं नाव नका घेऊ. पोरं बिघडतील." मी घेतलं. त्याशिवाय एड्सवर बोलायचं काय?

चिठ्ठ्यांचा डबा भरून आला. मुलांच्या बहुतेक चिठ्ठ्या 'धातू जाण्या'च्या, जो आजारच नाही. एक मात्र वेगळी: 'लघवीला आग होते, पू येतो. मेडिकलवरून गोळ्या घेतल्या. एड्स झाला का?' सगळ्यांसमोरच उत्तर दिलं. हे गनोरिया किंवा क्लॅमिडियासारखं, लैंगिक संबंधातून होणारं दुखणं असू शकतं, योग्य औषधानं बरं होतं. मनानं घेतलेल्या गोळ्यांनी त्रास दबतो, जंतू राहतो. जोडीदारालाही औषध लागतं, नाहीतर दुखणं परत येतं. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट आहे. फळ्यावर १०९७ हा हेल्पलाइन नंबर लिहून आले.

त्याच आठवड्यात तो चिठ्ठीवाला मुलगा आला. आणि एकटा नाही! सोबत तोंडाला स्कार्फ बांधलेली मुलगी. दोघंही सज्ञान, दुसऱ्या वर्षाला. इतक्या वर्षांत माझ्याकडे मुलं आली ती एकटी, लपतछपत, दुखणं फार वाढल्यावर. मुलीला तर पत्ताच नसायचा.

"मले तर काहीच त्रास नही," ती म्हणाली. बायकांमध्ये हे दुखणं बऱ्याचदा असंच मुकं असतं, आणि उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल राहणं अवघड होऊ शकतं. हे ऐकल्यावर तिनं स्कार्फ सोडला. पुढचा प्रश्न तिचाच: "रिपोर्ट घरी जाईन का?" २०१७चा एचआयव्ही कायदा समजावून सांगितला: संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय निकाल घरी कळवणं नाही.

डॉक्टरांनी तपासून दोघांना औषध दिलं. एचआयव्हीच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, तरी विंडो पीरियडमुळे, म्हणजे लागण झाल्यावर सुरुवातीला ती चाचणीत दिसत नाही त्या काळामुळे, तीन महिन्यांनी परत बोलावलं. कंडोमचं पाकीट त्यानं मागून घेतलं.

बिघडतील म्हणणाऱ्या सरांना हे सांगावंसं फार वाटलं. सांगता येत नव्हतं.

निघताना मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या होस्टेलवर या. गर्भ राहू नये म्हणून इमर्जन्सीची गोळी दर महिन्याला घेणाऱ्या मुली आहेत तिथं." रेक्टरबाईंना मी त्याच दुपारी फोन लावला.